तू मनातल्या मनात म्हण

हे मी आजवर एका माणसाखेरीज कोणालाच सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना नाही, मुलांना नाही, गुडघे टेकून प्रार्थनेतसुद्धा नाही — तिथं मी बाकीची पापं भराभर सांगून मोकळा होतो, आणि हे एवढं मागं ठेवून उठतो. आता तुम्हाला सांगतो. पण सुरुवात माझ्या एका गाढवपणापासून करू द्या. गाढवपणा सांगणं मला सोपं जातं. घरात सगळ्यांना त्याची सवय आहे.

गेल्या नाताळात नागपुरात सदरच्या आमच्या घरी वीसेक माणसं जमली होती. जेवणं झाली, आणि दर वर्षीसारखं कोणीतरी म्हणालं, "नेपाळची कॅसेट लावा." हा 'कोणीतरी' बहुतेक मीच असतो. मी कॅसेट घातली, बटण दाबलं. आवाज येईना. "थांबा, सुरुवातीला थोडी शांतता आहे," असं मी सगळ्यांना बजावलं, आणि त्या शांततेत माझं व्याख्यान सुरू केलं — नागपूरहून आम्ही पाच जण कसे निघालो, पेटी मांडीवर घेऊन मी नेपाळचा घाट कसा चढलो, बसमधली एक बकरी माझ्या पेटीवर पाय ठेवून कशी उभी राहिली. चार मिनिटं तरी बोललो असेन. मग माझा मेहुणा प्रभाकर मशीनवर वाकला.

"भाऊजी, लाल बटन दाबून ठेवलं ना तुमी! हे वाजून नाही राहिलं, भरून राहिलं."

म्हणजे कॅसेटवरचं नेपाळी पोरांचं गाणं पुसलं गेलं होतं, आणि त्याच्या जागी बकरी आली होती.

माझी मुलगी रडकुंडीला आली. म्हाताऱ्या मंडळींनी पाठीवर हात ठेवला. प्रभाकरनं तर अपघातात कोणी गेल्यासारखं तोंड केलं. आणि मी? मी हळहळ दाखवली, कपाळाला हातही लावला. पण आतून — कसं सांगू? — आतून हलकं वाटलं. कोणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटलं. एका माणसाच्या मात्र आलं होतं.

हलकं का वाटावं? ते गाणं तर माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मिळकत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढलेल्या माणसाकडे दाखवायला दुसरं असतं काय? आमच्या चर्चच्या मंडळीतून परदेशी सेवेला गेलेल्या पहिल्या पाच जणांत मी. प्रभाकर म्हणतो, ज्या देशाला पासपोर्ट लागत नाही तो परदेश कसला. म्हणू दे. मी रेल्वेच्या पासवर गोरखपूरपर्यंत गेलो आणि पुढं बसनं, तिसऱ्या दिवशी पोचलो, पण परत आलो तो परदेशातूनच.

ते पंच्याहत्तरच्या आसपासचं साल. डोंगराच्या उतारावर मिशनचं एक अनाथालय होतं. बत्तीस मुलं, आणि त्यांना सांभाळणाऱ्या एक बाई, ज्यांना सगळे दिदी म्हणत. आमच्यात दोन नर्सा होत्या, एक सुतार होता, पाळकसाहेब होते. मला भिंतींना चुना मारायचं काम दिलं होतं. आठवडाभर मी चुना मारला. भिंतीला कमी लागला, मला जास्त. शेवटी पाळकसाहेबच म्हणाले, तुम्ही आपली पेटी काढा आणि पोरांना गाणं शिकवा. मग काय! मी मराठी भजन घेतलं — शब्द माझे, चाल माझी. आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, झांजेच्या ठेक्यावरचं. गाणं चांगलं होतं, विनय कशाला करू? पोरं नेपाळी, गाणं मराठी, समजावणं माझ्या नागपुरी हिंदीत. पण दोन आठवड्यांत ती पोरं असं म्हणू लागली की दिदी हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या.

त्यात एक मुलगी होती. तिला कान्छी म्हणायचे, म्हणजे धाकटी. सहा-सात वर्षांची असेल. शब्द सगळ्यात आधी तिचे पाठ झाले. मोठी पोरं अडखळली की ती त्यांना पुढची ओळ सांगायची. सरावाला सगळ्यात आधी येऊन पेटीशेजारी बसायची, भाता मारायला मिळावा म्हणून. आणि गायची — काय सांगू तुम्हाला — जीव तोडून गायची, एकाच सुरात, आणि तो सूर माझ्या पेटीत नव्हता. काळ्या पट्टीत नाही, पांढरीत नाही. एकतीस पोरं एकीकडे आणि ती एकटी दुसरीकडे. आणि जोर तिचाच जास्त.

मला ते चालत होतं? हो, चालत होतं. गंमतही वाटायची. पण मग पाळकसाहेबांनी सांगितलं की निरोपाच्या दिवशी काठमांडूहून मिशनचे पाहुणे येणार आहेत, आणि आपल्या टेपरेकॉर्डरवर गाणं भरून नागपूरला न्यायचं. मी पोरांना ते सांगितलं — तुमचा आवाज माझ्या गावात ऐकू जाणार. पोरं नाचायलाच लागली. कान्छीनं माझी बाही ओढून विचारलं, माझा पण? मी म्हटलं, तुझा पण.

त्या दिवसापासून मला गंमत वाटेनाशी झाली. पार्सल ऑफिसातला बाबू म्हणून मला आयुष्यभर कोणी मान वर करून पाहिलं नव्हतं. आता माझं गाणं पाहुणे ऐकणार होते, आमची अख्खी मंडळी ऐकणार होती. आणि त्यात मधोमध तो सूर?

निरोपाच्या दिवशी दुपारी मी तिला बाजूला घेतलं. रागावलो नाही. रागावलो असतो तर बरं झालं असतं. मी गोड बोललो. खाली बसून, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं — तू मनातल्या मनात म्हण. ओठ हलव, पण आवाज काढू नको. प्रभूला मनातलं गाणं सगळ्यात आधी ऐकू येतं.

प्रभूला मधे घालायची काय गरज होती? सरळ म्हणता आलं असतं, की पोरी, तुझा सूर जमत नाही, तू झांज वाजव. झांज होती. मला सुचलंच नाही, असं आजवर स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. पण झांजही ती जोरातच वाजवणार, हेही सुचलं होतं.

तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, "और मशीन को?"

मी म्हटलं, "मशीन को भी."

संध्याकाळी पाहुणे आले. गाणं चांगलं झालं. फार चांगलं झालं. एकतीस गळे एका सुरात, आणि कान्छी मधोमध, ओठ हलवत — एक शब्द चुकली नाही, कुठं श्वास घ्यायचा तेसुद्धा चुकली नाही. पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला. मग पाळकसाहेबांनी टेप उलटी फिरवून पोरांना ऐकवली. पोरं मशीनवर पडलीच. हा मी, हा मी, ही बघ तू! कान्छी वाट काढत पुढं आली. मशीनला कान लावला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही. पुन्हा लावा म्हणाली. पुन्हा लावलं. पुन्हा कान लावला. मग तिनं वळून माझ्याकडं पाहिलं.

मी काय केलं? पाहुण्यांशी बोलत होतो. बोलत राहिलो. चाल कशी सुचली, ते सांगत होतो.

अजून संपलेलं नाही. इथंच थांबलो तर एक क्षणाची चूक म्हणून तुम्ही मला सोडूनही द्याल. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बस होती. निघण्याआधी पोरांची रोजची प्रार्थना झाली. तीन आठवडे मी ती प्रार्थना ऐकत होतो, आणि रोज त्यात तो पेटीबाहेरचा सूर असायचा. त्या सकाळी नव्हता. मी डोळे उघडून पाहिलं. कान्छी हात जोडून उभी होती आणि नुसते ओठ हलवत होती. तिथं पाहुणे नव्हते, टेप नव्हती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पाळकसाहेब माझ्या कानाशी पुटपुटले, आज पोरं किती सुरेल म्हणून राहिली हो.

मला कळलं होतं, बरं का. तेव्हाच कळलं होतं. दोन पावलं टाकून तिला म्हणता आलं असतं — पोरी, मोठ्यानं म्हण. बस उभी होती, ड्रायव्हर चहा पीत होता, वेळ भरपूर होता. मी गेलो नाही. का? भीती वाटली? लाज वाटली? तसं काही असतं तर मी हे केव्हाच सांगून टाकलं असतं. मला बरं वाटलं, म्हणून गेलो नाही. प्रार्थना चांगली लागली होती. मी डोळे पुन्हा मिटले आणि ऐकत राहिलो.

नागपूरला आल्यावर रविवारच्या उपासनेत मी साक्ष दिली. पुलपिटाशेजारी उभा राहून म्हणालो, "बत्तीस लेकरांचा आवाज तुम्ही ऐकणार आहात." म्हाताऱ्या बायकांनी पदरानं डोळे पुसले. मग कामठीच्या मंडळीनं बोलावलं, मग दुसऱ्या एका मंडळीनं. सगळीकडं बत्तीस. घरी दर नाताळात बत्तीस. शेवटी शेवटी तर माझाच विश्वास बसत चालला होता, कॅसेट वाजू लागेपर्यंत. वाजू लागली की मोजायला लागायचो.

ती पुसली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझी बायको सुशीला अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी पेपर वाचत होतो. मान वर न करता ती म्हणाली, "अजी, काल गाणं पुसलं तं तुमी आतून खुश काहून झाले?"

पंचवीस वर्षांच्या संसारात या बाईपासून मला एक गोष्ट लपवता आली होती, तीही आता लपेना. मग मी सांगितलं. जसं इथं लिहिलं तसंच, बकरीसकट. काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर पेपरची घडी केली.

तिनं उरलेले खडे काढले. मग सूप बाजूला ठेवलं.

"गाणं चांगलं झालं, हे तुमी तीनदा सांगतलं," ती म्हणाली. "पोरगी दिसे कशी, हे एकडाव नाही."