शैलाताईची बंद पडलेली स्कूटर

शैलाताई गेल्याचा फोन तिच्या दिरांनी, अनंतरावांनी केला. त्याच फोनवर विचारलं, "मंगल, वहिनींची स्कूटर भंगारात देऊ ना? पार्किंगची जागा अडते." मी म्हटलं, "थांबा. मी नेते."

शैलाताई माझी मावसबहीण. गोत्रीहून फतेगंजच्या शाळेत शिकवायला स्कूटरवर जायची; येताना मैत्रिणी, गाण्याचा क्लास, सेव-उसळ... घरी उशिरा पोचायची. यजमान गेले आणि लगेचच स्कूटर बंद पडली, सुरूच होईना. अनंतराव निवृत्त इलेक्ट्रिशियन, त्यांनी एकदा बघून सांगितलं, "इंजिन संपलं, वहिनी." कोणी शंका घेतली नाही. तिनंही नाही. "मीच चोक ओढून ठेवायचे गं... माझ्याच हातून वाट लागली." पुढे रिक्षासाठीही दिरांना विचारावं लागे. शाळा सुटली, क्लास सुटला. शेवटची भेटले तेव्हा तुवेरच्या शेंगा सोलत म्हणाली, "मला आता बाहेर काय काम?"

मी सावली गावातल्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघते. स्कूटर अंगणात घेतली. आंबूस वासाचं जुनं पेट्रोल काढून टाकलं, कार्बोरेटर धुतला, नवा प्लग लावला. इंजिन मोकळं फिरत होतं, पण ठिणगी पडेना. मग कॉइलकडे जाणारी वायर चाचपत गेले. पॅनेलच्या आत ती पक्कडीनं सरळ कापलेली होती, आणि दोन्ही टोकांना काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली. तो तुकडा काढून पर्समध्ये ठेवला, नवी वायर जोडली. दुसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली.

तिच्या मासिक श्राद्धाला मी त्याच स्कूटरवरून गेले. सगळे नातेवाईक जमले होते. अनंतराव म्हणाले, "अरे वा! काय झालं होतं हिला?" मी वायरीचा तुकडा त्यांच्या हातात ठेवला.

"उंदरांनी कुरतडली असेल..."

"आणि टेप? तीही उंदरांनीच लावली?"

त्यांच्या बायकोनं तुकडा हातात घेतला, नवऱ्याकडे पाहिलं आणि वाढायचं सोडून आत गेली.

शैलाताई निघण्याआधी पदर खोचत इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवायची. कामावर जाताना आता मीही ठेवते, अनंतरावांच्या गॅलरीखाली उभी राहून. मला तो रस्ता लांब पडतो. ते खिडकी लावून घेतात... मग मी रेस वाढवते.