करपा, केळी आणि नानांचा अर्क

शेतावरच्या ट्रायलचा रिपोर्ट चार पानांत मावतो. ट्रायल करताना जे घडतं ते त्यात लिहिता येत नाही, आणि लिहिलं तर साहेब सही करणार नाहीत! मग ते सगळं चहाच्या टपरीवर साचत जातं. मी धुळ्याची, नोकरी सावद्याकडच्या केळीपट्ट्यात, आणि काम म्हणजे शेतकऱ्यांच्या बागेत प्रयोग लावायचे. सोबतीला दोंडाईच्याचा संजय, टेप धरायला आणि पानं तपासायला. इतक्या वर्षांत आमच्याकडे निष्कर्ष बेताचेच जमलेत. किस्से मात्र बक्कळ!

*

प्रयोगाचा पहिला धडा म्हणजे तुलना. निम्म्या बागेला नवं खत द्यायचं, निम्मीला नेहमीचंच. फरक पडला तर तो नव्या खताचा. भास्करभाऊंना हे मी बांधावर बसून समजावलं. भाऊ म्हणजे आमच्या गटातले सगळ्यात हौशी शेतकरी. त्यांनी मान डोलावली, "एकदम पटलं मॅडम!"

पुढच्या फेरीला गेलो तर दोन्ही बाजू सारख्याच हिरव्यागार. आता खत नापास म्हणायचं की काय? तेवढ्यात संजयला नको त्या बाजूला नव्या खताची रिकामी पोती दिसली.

"भाऊ, इकडेही टाकलं?"

भाऊंनी टोपी काढून हातात घेतली. "मॅडम, एकाच घरातले दोन पोरं. एकाले तूप अन् एकाले कोरडी कळण्याची भाकर? माह्या हातून नाही झालं!"

एवढं बोलून ते आम्हाला जेवायला घेऊन गेले. ट्रायल मायेपोटी वाया गेली होती, पण भरीत झकास होतं.

*

दुसरा धडा चिठ्ठीचा. कोणत्या ओळीवर प्रयोग करायचा हे आपण निवडलं की हात आपोआप चांगल्या झाडांकडे जातो. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या आणि येईल ती ओळ घ्यायची. भाऊंना फोनवर सगळं सांगितलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, रस्त्यालगतची ओळ निघाली म्हणून. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसणारी, बोर्ड लावायला सोयीची आणि बागेतली सगळ्यात जोमदार!

"बरी निघाली हो नेमकी," मी म्हटलं.

"नाही ना मॅडम! पहिल्या दोन टाइमले चुकीची निघाली व्हती!"

*

टेपचाही एक किस्सा आहे. केळीच्या खोडाचा घेर दर वेळी एकाच उंचीवर मोजायचा, म्हणून संजयने प्रत्येक खोडावर पेंटची खूण केली होती. पुढच्या वेळी टेप लावला आणि तो तिथूनच ओरडला, "मॅडम, बठ्ठा झाडं बारीक व्हई ग्यात!"

सगळ्याच झाडांचा घेर घटलेला, आणि खुणाही गायब. चौकशी केली तर भाऊ खुशीत. "तुम्ही येनार म्हनून खोडावरचे वाळेल सोपटं सोलून बाग चकाचक केली. पाहुने येनार तं घर झाडतेच ना मानूस?"

संजय टेप गुंडाळून बांधावर बसला तो चहा येईपर्यंत उठलाच नाही.

*

एका वेळी एकच गोष्ट बदला, हे तर मी जपासारखं म्हणते. भाऊंनी त्या हंगामात खत बदललं, ठिबकची वेळ बदलली आणि घडांना पिशव्याही घातल्या. घड असे लागले की बघणाऱ्याची नजर लागावी.

"अहो, पण हे नेमकं कशामुळे झालं?" माझा जीव तुटत होता.

"मॅडम, मोठीच्या टाइमले तीन देवांले नवस बोललो व्हतो. पोरगी झाली. मंग कोन पावला हे इचारत बसलो का? तिन्हीकडे नारळ फोडून मोकळा! तुम्हीबी तिघांचं नाव लिहा अन् मोकळ्या व्हा."

*

आता नाना. गटातले सर्वांत वडीलधारे. केळीच्या पानांवर डाग पाडणाऱ्या करप्यावर त्यांचा एक अर्क होता, कडुनिंब, गोमूत्र, ताक आणि आणखी काही पाला. मागेल त्याला फुकट द्यायचे. भडगावहून लोक कॅन घेऊन यायचे. एक दिवस नाना स्वतःच म्हणाले, "पोरी, तुह्या पद्धतीनं माह्या अर्काची ट्रायल लाव. मी म्हातारा झालो. माह्या मागं लोक याच्याच भरवशावर बाग सोडतील. खरं काय ते मले जिवंतपनी समजू दे."

असं आपणहून कोणी म्हणत नाही. मी तर पहिल्यांदाच ऐकत होते.

नानांच्याच बागेत चिठ्ठ्या टाकून काही ओळींवर अर्क फवारला, काहींवर नुसतं पाणी. फवारणीच्या वेळी संजयला गावाबाहेर ठेवलं. करप्याचे डाग तोच मोजणार होता, तेव्हा कोणती ओळ कशाची हे त्याला कळता कामा नये. नानांच्या घरच्या अक्कांनी मात्र त्याला शेवभाजी वाढता वाढता हळूच सुरुवात केली, "बाबू, त्या विहिरीकडच्या ओळी जरा..."

नाना आतून कडाडले, "त्याले जेवन दे, उत्तर देऊ नको!"

संजयने सगळी पानं तपासली. मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, बठ्ठं सारखंच शे." अर्काच्या ओळीत करपा जेवढा, तेवढाच पाण्याच्या ओळीत.

मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "एकडाव चुकू शकते. पुन्हा कर." पुढच्या हंगामात भाऊंच्या बागेत पुन्हा केलं. या वेळी भाऊंनी कशाला हात लावला नाही, नानांचा धाकच तसा! निकाल तोच आला.

नानांनी स्वतः गटाची बैठक बोलावली. उभे राहिले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "माह्या अर्कात अन् पान्यात काही फरक नाही. दोनदा पाहून घेतलं. इतके वर्ष मी तुम्हाले पानीच देऊन राह्यलो व्हतो. आजपासून करप्यासाठी मॅडम सांगतीन ते औषध मारा."

मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचा अभिमानही वाटला. आपली उभ्या जन्माची गोष्ट खोटी निघाली, हे चारचौघांत असं सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता.

मागून भास्करभाऊ उठले. त्यांचे डोळे भरले होते.

"मंडळी, आपलं नुकसान व्हईन म्हनून ह्या मानसानं सोताचं नाव पान्यात घातलं. असा खरा मानूस पाह्यला का कुठी?" सगळ्यांनी माना हलवल्या. भाऊ नानांकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "नाना, अशा मानसाच्या हाताचा अर्क खोटा असूच शकत नाही. माह्यासाठी दोन कॅन भरून ठेवा!"