मधली फरशी सोडून

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत माझ्या आत्याइतकं घट्ट कुणीच उभं राहिलं नाही, आणि यातून मी चाळीचे खांबही वगळत नाही. खांब निदान पावसाळ्यात कुरकुरायचे. आत्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरींखाली, बायकांना कराटे शिकवायची. पण पहिले सहा महिने हात उचलायची परवानगीच नसे. एक पाय या शहाबादी फरशीवर, दुसरा मधली फरशी सोडून पलीकडच्या फरशीवर, गुडघा वाकवून नुसतं उभं राहायचं. त्या अवस्थेत आम्ही मटार सोलले, मेथी निवडली, एकीने तर फोनवरून मुलीचं लग्न जमवलं. कुणी उत्साहाने हात फिरवले की आत्या मालवणीत विचारायची, "हात ऱ्हवांदेत. पाय खंय आसत तुझे?" म्हणजे हात राहू देत, पाय कुठे आहेत? दुधाच्या रांगेतही ती तशीच उभी राही, आणि तिला धक्का देणाराच कोलमडून माफी मागे.

मग लोअर परळला काचेचं जिम उघडलं. तिथे पहिल्याच दिवशी सटासट ठोसे मारायला शिकवत. आमच्यातल्या सहाजणी तिकडे पळाल्या. त्यातली समोरच्या खोलीतली वहिनी जिन्यात म्हणाली, "आत्या, आता स्पीडचा जमाना आहे हो. नुसतं उभं काय, आम्ही बसस्टॉपवर पण राहतो." आत्याला ते फार लागलं. तिने सगळ्यांदेखत जाहीर केलं, "परळच्या कराटे स्पर्धेत आमचां चेडू उतरतलां. हरलां तर क्लास बंद!" हे चेडू, म्हणजे पोरगी, म्हणजे मी. वय एकोणचाळीस, नोकरी पोस्टात.

स्पर्धेत समोर नेमकी वहिनीच. मी मॅटवर गेले, खाली पाहिलं आणि हबकले. सगळी निळी गादी, फरशी एकही नाही! इतकी वर्षं मी फरश्या बघूनच पाय ठेवत आले होते. मी जागा शोधत असताना वहिनीचे दोन ठोसे बसलेसुद्धा. दोन गुण गेले. आत्या खुर्चीवरून उठून ओरडली, "खाली काय बघतस? गॅलरीत आसस तू!"

मी क्षणभर डोळे मिटले. ओल्या चादरींचा वास आला, तळव्यांना गार फरशी लागली, आणि पाय आपसूक जागेवर गेले. त्यानंतर वहिनीने किती ठोसे मारले देव जाणे. घाईत तिच्या टाचा उचलल्या जात होत्या, ठोसे निसटते लागत होते, आणि रेफ्री एकाही ठोशाला गुण देईना. मी एकच मारला. तो टाचेतून निघाला, कमरेतून फिरला, आणि रेफ्रीचा हात वर झाला. मग दुसरा, मग तिसरा. तीन-दोन! आत्याने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या मॅटवरची लढत थांबली. दुसऱ्या दिवशी वहिनी मटार घेऊन गॅलरीत हजर होती.

आता चाळ पाडली. आत्या टॉवरच्या अठराव्या मजल्यावर राहते. जमीन चकचकीत, कुठे रेघ म्हणून नाही. परवा गेले तर ती खिडकीशी गुडघा वाकवून उभी होती, आणि चक्क डुगडुगत होती. मला पाहून म्हणाली, "पाय खंय ठेवू गो?"

मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी पवित्रा घेतला. आत्याने वाकून माझे पाय नीट पाहिले, आणि तेवढ्याच अंतरावर आपले ठेवले.