खंडेनवमीची सुपारी आणि लेथचे दात

भोरच्या शाळेत मी गणित शिकवायचो, आणि गणित सोडून जगातलं बाकी सगळंच आपल्याला येतं असा माझा समज होता. म्हणून तर पुण्याच्या जुन्या बाजारातून पायाने चालवायचा एक छोटा लेथ, म्हणजे कातकामाचं यंत्र, घरी आणला. विलायतेला परत गेलेल्या कुणा साहेबाचा तो शौक होता, आता माझा झाला. शाळा सुटली की पडवीत उभं राहून मी भोवरे, खुंट्या नि लाटणी कातायचो. पोळ्या लाटणाऱ्या घरात दोघी आणि लाटणी टोपलीभर! आई म्हणायची, "पुरे रे बाबा, आता शेजारी वाट नाहीतर चुलीत घाल."

बायकोला मात्र माझ्याकडून एकच काम हवं होतं. तिच्या आईची पितळी समई. आई गेल्यावर माहेरून तिच्याकडे आली ती तेवढीच वस्तू. तिचा दांडा बैठकीत फिरवून बसवायचा, पण आटे झिजून गुळगुळीत झालेले. चिंधी गुंडाळली तरी दांडा डुलायचा. एकदा पेटती समई कलंडली, तेल सांडलं, आणि माझ्या आईने निकाल दिला, "वाकडी समई देवापुढे नको." समई माळ्यावर गेली. त्या दिवशी बायकोच्या आमटीत मीठ नव्हतं, आणि ते मागायची छाती कुणाची झाली नाही. मी ऐटीत म्हटलं, "अगं, नवे आटे पाडतो की! दिवाळीला तुझी समई देवापुढे उभी. हाय काय नि नाय काय!"

आटे पाडायला लेथच्या कडेची दोन दातेरी चाकं लागतात. एकाच्या दातात दुसऱ्याचे दात अडकून ती फिरतात आणि हत्यार नेमक्या चालीने पुढे सरकतं. ती चाकं नसतील तर उरतात फक्त लाटणी.

तेवढ्यात खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेला मी लेथ घासूनपुसून लख्ख केला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. गणपती म्हणून ठेवलेली सुपारी तेवढी सारखी घरंगळत होती. मग मी ती दोन चाकांच्या दातांमध्ये अगदी घट्ट बसवली. स्वतःच्या युक्तीवर इतका खूश झालो की विचारू नका! पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत, म्हणून चाकं एक दिवस जास्त जगली.

दसऱ्याला सोनं द्यायला मंडळी आली. त्यांना लेथ दाखवायची मला कोण हौस! माळ काढली, सुपारी विसरलो, आणि पाय दाबला. कडाड्! दोन्ही चाकांचे दात तुटून पडवीत उडाले. शेजारचे वकील वाकून बघत म्हणाले, "मास्तर, सुपारी फोडायला एवढं यंत्र कशाला? आमच्याकडे अडकित्ता आहे, मागायचा की हो!" सगळे पोट धरून हसले. बायको हसली नाही. तिने एकदा माळ्याकडे बघितलं नि आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवी चाकं आणायला पुणं गाठलं. जाताना, महायुद्धात पेट्रोल नाही म्हणून कोळशावर चालणारी बस कापूरहोळला अशी रुसली की आम्ही उतारूंनीच तिला ढकलली. दुकानदाराने मोडकं चाक हातातही घेतलं नाही. "लढाई संपली की या," म्हणाला. लढाई दिवाळीच्या आत संपवणं काही माझ्या हातात नव्हतं.

मग घरातला फुटका नळ, मोडकी कुलपं, बिनकानांची तपेली असं पितळ गोळा करून ओताऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "मास्तर, आमी घंटा वतल्या, घागरी वतल्या. आता दात बी वतायचे व्हय?" म्हटलं, तुम्ही नुसत्या चकत्या ओता, दात मी पाडतो. कागदाची पट्टी चकतीभोवती गुंडाळली, तिच्यावर सारख्या खुणा केल्या आणि कानस घेऊन बसलो. रोज संध्याकाळी तेच. बोटं सोलली, जेवणात पितळेचा कीस सापडू लागला. गणिताच्या मास्तराने पट्टीची दोन्ही टोकं एकावर एक धरून मोजली होती, त्यामुळे पहिल्या चाकाचा शेवटचा दात अर्धाच निघाला. ते चाक पुन्हा भट्टीत गेलं. ओतारी हसला तो हसलाच.

शेवटी दोन चाकं झाली. बसवून बघतो तर काय, कानस जरा जास्तच चालली होती. चाकं लहान झाली आणि एकमेकांना शिवेनात. कपाळाला हात लावला. पण डोकं चालवलं! लेथबरोबर आलेल्या साहेबाच्या पेटीत एक चिमुकलं चाक पडलं होतं, ते मधे घातलं. तिन्ही फिरू लागली. मी पडवीत एकटाच नाचलो. समईच्या बैठकीत नि दांड्यावर झकास नवे आटे पाडले, दांडा इकडून तिकडून फिरवला, घट्ट बसला. आनंदाच्या भरात कुठल्या बाजूला फिरवला ते बघतोय कोण!

दिवाळीच्या पहिल्या संध्याकाळी समई देवघरात आली. आईने तेल घालायच्या आधी खात्री करायला दांडा आणखी आवळला. आवळता आवळता तो सुटून तिच्या हातात आला. बायकोचा चेहरा मला बघवेना.

मग तिनेच पुढे होऊन दांडा घेतला, दोन्हीकडे फिरवून पाहिला आणि म्हणाली, "अहो, ही उलटी बसते."

मधे एक चाक घातलं की पलीकडचं चाक उलटं फिरतं, हे सातवीच्या पोरांनाही ठाऊक असतं. मी त्यांचा मास्तर, आणि माझे सगळे आटे उलटे पडलेले! आई म्हणाली, "करणाऱ्यावर गेली." पण समई सरळ उभी होती, जराही डुलत नव्हती. आईने ती स्वतःच्या हाताने देवापुढे ठेवली आणि सुनेला म्हणाली, "लाव तू." वात लावताना बायकोचे डोळे भरून आले. मी म्हटलं, पुन्हा सुलटे आटे पाडून देतो. ती म्हणाली, "हात लावाल तर खबरदार!"

त्यानंतर ती समई घासायला फक्त तिच्याच हाताला सुटायची. बाकी कुणीही सोडायला गेलं की आणखी आवळून ठेवायचं. मग हाक यायची, आणि ती पदराला हात पुसत येऊन एका झटक्यात सोडून द्यायची, माझ्याकडे बघून हसायची.

बायको गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत आमची सून समई घेऊन माझ्याकडे आली. "बाबा, काही केल्या सुटत नाही हो." म्हटलं, आण इकडे, मीच केलीय. घेतली आणि जोर लावून फिरवली. आणखी घट्ट झाली. माझाही हात सगळ्यांसारखाच सुलटा गेला होता. इतक्या वर्षांत मी ती एकदाही सोडली नव्हती.

सुनेला म्हटलं, राहू दे, यंदा वरूनच पूस.