काचेवरची टोपी

लोणखेड्यात पितांबर पाटलाला ‘अळीमास्तर’ म्हणत, आणि त्यात थट्टेपेक्षा कीवच जास्त होती. घरचा चांगला कापूस सोडून हा बाबा मुंबईच्या एका कॉलेजात गेला, तो समुद्रातल्या किड्यांच्या पिल्लांची चित्रं काढायला! पेलाभर पाण्यात शेकडो पिल्लं. कोणतं कोणाचं, ते नुसत्या आकारावरून ओळखायचं. फितीसारख्या लांब किड्याचं पिल्लू तो एका नजरेत सांगे. हुबेहूब कानटोपी, दोन बाजूंना कान, वर शेंडी, आणि आत हळूहळू वाढणारा खरा किडा.

१९३७ साली त्याला काढून टाकलं. एका जुन्या काचेवरच्या कानटोपीची त्यानं तीन महिन्यांत तीन चित्रं काढली होती, आणि दर चित्रात टोपीच्या आतला किडा वाढत गेला होता. पिल्लू तर तेरा वर्षांपूर्वी मारून दोन काचांमध्ये पक्कं बसवलेलं. “मेलेलं वाढत नसतं,” प्रोफेसर म्हणाले. खोटं चित्र काढल्याचा डाग पितांबरच्या जिव्हारी लागला. ती काच त्यानं गुपचूप खिशात घातली आणि मोडीतलं एक सूक्ष्मदर्शक विकत घेऊन तो गावी आला.

साक्षीला त्यानं बायकोलाच बसवलं. जसोदाबाईनं डोळा लावला.

“टोपी शे. मधमा अळी शे, कापूसना बोंडमा ऱ्हास तशी.”

कीड लागलेलं बोंड बाहेरून ओळखणाऱ्या जसोदाबाईलाही टोपीत बोंडातल्यासारखी अळी दिसली, म्हणून पितांबरला फार बरं वाटलं.

मग वेचणी लागली. पंधरा दिवस काच कोनाड्यात पडून राहिली. सोळाव्या दुपारी त्यानं ओसरीवर सूक्ष्मदर्शकाच्या आरशात ऊन धरून पाहिलं आणि बायकोला हाक मारली.

तिनं पुन्हा डोळा लावला.

“टोपी कोठे गई?” तिनं विचारलं. काचेला बोटही लावलं नव्हतं, तरी ती पदराला हात पुसत होती. “तुमनं खरं व्हतं. मधला किडानी टोपी खाई टाकी.” मग हळूच म्हणाली, “आते तो काय खाई?”

हेच ‘खरं होतं’ ऐकायला तो वर्षभर तडफडला होता. आता मात्र त्याला भीती वाटली, नुसती भीती. आपण खोटे ठरलो असतो तर किती बरं झालं असतं!

त्यानं कागद घेतला. ‘माझी तिन्ही चित्रं चुकली. पिल्लात काहीही बदल नाही,’ असं प्रोफेसरांना लिहून खाली सही केली. सही करताना त्याचा डावा हात डोक्यावरची टोपी घट्ट धरून होता.