चटक्याला वयाची अट

घरोघर बांगड्या भरत फिरणाऱ्या आमच्या चाची नसत्या, तर हे लिहायला मी राहिले नसते. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून चाचीच म्हणते.

मी एटापल्लीच्या पलीकडच्या गावची. चौथीतून शाळा सुटली आणि बापाने मला चंद्रपूरजवळच्या एका वसाहतीत पोर सांभाळायला ठेवलं. दूध उतू गेलं की मालकीण तापलेला चिमटा दंडावर टेकवायची.

संक्रांतीआधी चाची पेटी घेऊन आल्या. मालकीण मोठ्या मनाने म्हणाली, "हिलेही भरा चार." चाचींनी माझा हात घेतला, बाही वर सरकवली आणि बांगडी खाली ठेवली.

"ये क्या है बेटा?"

"गॅसवर भाजलं हो. लक्षच नाई तिचं," मालकीण म्हणाली.

"गॅस काय चिमट्याच्या मापाने भाजते, बाई?"

चाचींनी मला उठवलं ते थेट पोलीस ठाण्यात.

मागोमाग मालक आला. माझा शाळेचा दाखला त्याने घरात जपून ठेवला होता, तो घेऊन. त्यावर मला चौदा पूर्ण होऊन दोन महिने झालेले. खरं तर मी तेराचीही नव्हते. आमच्या गावात जन्माची नोंद कुठली! गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघायचे. पोचला की सहा वर्षं पूर्ण. माझे हात लांब, चार-पाच वर्षांची असतानाच पोचला.

ठाणेदार म्हणाले, "चौदा झाले. बालकामगाराचा कायदा लागत नाई. घेऊन जा घरी."

"साहेब, मी रोज हात पाहते. बायकांच्या लहानात लहान मापाची, सव्वादोनची बांगडीही हिच्या हातात घोळते. बच्ची है ये."

"बांगडीचं माप कोर्टात चालत नाई, चाची."

"मग चटक्यालेही चौदाची अट आहे काय?"

ठाणेदार हसले. ते हसणं मी विसरलेले नाही. कानाला लागलेला हात सरकारी कागदावर चढला म्हणून खरा, आणि भाजलेला हात टेबलावर समोर असून खोटा!

चाचींनी मला सोडलं नाही. विचारत विचारत बालकल्याण समितीत नेलं. तिथल्या बाईंनी मिनिटात सांगितलं, छळापासून वाचवणारा कायदा अठरापर्यंत लागतो. म्हणजे कायदा होता! ठाण्यात कुणी तो उघडला नव्हता, एवढंच. मला बालगृहात ठेवलं, ठाण्याला गुन्हा नोंदवायला लावलं.

मग तारखा. माझी साक्ष आली तेव्हा मालकीण चार हातांवर बसलेली, शेजारी माझा बाप, तिच्याच गाडीतून आलेला. "चटका कोणी दिला?" सरकारी वकिलाने विचारलं. मी बापाकडे बघितलं. "आठवत नाई," म्हणाले. लेकराला असं समोरासमोर बसवून विचारायचं आणि त्याला न्याय म्हणायचं!

बांगड्या खपल्या नाहीत म्हणून कांगावा केला, असं मालकिणीच्या वकिलाने चाचींना ऐकवलं. मालकीण सुटली. वसाहतीतल्या बायकांनी चाचींना दार उघडणं बंद केलं. त्या मला भेटायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तू परत नाई गेली ना त्या घरी? बस हो गया."

नाही झालं, चाची. मी दूर परराज्यात कामाला आहे आणि खाकी कपडा दिसला की अजून रस्ता बदलते. पण एक दिवस येईन. त्या वसाहतीत तुमच्यासोबत फिरेन आणि एकेका बाईला तोंडाने सांगेन, की तुम्ही खरं बोलला होतात. कोर्टात खोटं बोलले ती मी.