इंग्लंडातील एका खेड्याच्या इनामदारास अर्ज

कन्येच्या बाळंतपणास तिच्या आईने जावयाचे. परंतु ती हयात नसल्यामुळे ते कर्तव्य माझ्याकडे आले, आणि साठ सालानंतरच्या एका हिवाळ्यात मी जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे दाखल झालो. जावई तेथील तांत्रिक विद्यापीठात संशोधन करीत होते. बाळंतपणात पुरुषाचा उपयोग काय, हे मला तेथे गेल्यावर समजले. काहीही नाही. इस्पितळाच्या परिचारिकेने मला दाराबाहेरच्या बाकावर बसविले. घरी परतल्यावर कन्येने खिडकीपाशी बसविले.

अशा अवस्थेत घरमालकीणबाईंना माझा व्यवसाय कळला. मी वीस वर्षे कलेक्टर कचेरीच्या व्हरांड्यात बसून अर्ज लिहीत असे. मॅट्रिकची परीक्षा मी दिलेली नाही; परंतु मॅट्रिक झालेली माणसे माझ्यापुढे उकिडवी बसून अर्ज लिहून घेत, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

बाई विधवा होत्या. त्यांचा नवरा युद्धकैदी म्हणून इंग्लंडात वारला आणि तेथल्याच एका खेड्यात, देवळाच्या आवारात, त्याला पुरले होते. आता असे ठरले होते, की खेडोपाडी विखुरलेली जर्मन सैनिकांची थडगी उकरून एका मोठ्या दफनभूमीत एकत्र करावयाची. बाईंची इच्छा एवढीच, की त्याला हलवू नये. युद्धानंतर ब्रिटिश लष्कराच्या धुलाईखान्यात काम केल्यामुळे त्यांना मोडके इंग्रजी येई.

"तो तिथे झोपलाय," त्या म्हणाल्या. "झोपू द्या. एवढंच लिहा."

एवढेच! अर्ज म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसते, ते नेहमी 'एवढेच' म्हणतात.

अर्जात प्रथम गावाची ओळख पटवावी लागते: मौजे, तालुका, जिल्हा, चतुःसीमा. ब्रिटिशांनी शहरात उघडलेल्या वाचनालयात जावयांनी मला इंग्लंडचे एक जुने गॅझेटियर शोधून दिले, व्हिक्टोरिया राणीच्या काळचे. आमच्या जिल्ह्याचे गॅझेटियर मी कचेरीत हाताळलेले असल्याने या जातीच्या ग्रंथावर माझा विश्वास होता. त्या विश्वासाचा त्या ग्रंथाने पुरेपूर अंत पाहिला. एकाच नावाची तीन खेडी! तिन्ही नदीकाठी, तिन्ही ठिकाणी चिकण जमीन, गव्हाचे पीक आणि चौकोनी मनोऱ्याचे प्राचीन देऊळ. मनोऱ्यात घंटा किती हे सांगितलेले. आवारात जागा किती हे नाही. रेल्वे स्थानक किती मैलांवर हे सांगितलेले. टपाल कोण वाटतो हे नाही. बाईंपाशी मृताच्या सोबत्याने धाडलेले एक कार्ड होते. त्यावर परगण्याचे नाव निघाले, तेव्हा तिनातले खरे खेडे हाती लागले.

त्या खेड्याच्या नोंदीत शेवटी लिहिले होते, की देवळाच्या पाद्र्याची नेमणूक करण्याचा हक्क गढीच्या मालकाकडे आहे. मी तत्काळ ओळखले. हा इनामदार, आणि पाद्री त्याने नेमलेला पुजारी. पुजाऱ्याकडे अर्ज करून कधी कोणाचे काम झाले आहे?

"मामा, सरळ पाद्र्याला चार ओळी टाका ना," जावई म्हणाले. "गावाचं नाव आहे, पोस्टमन पोचवेल."

"जावईबुवा, तुम्ही यंत्रांचं पाहा. वरिष्ठाला डावलून खाली गेलं की अर्ज नामंजूर होतो."

"अहो, पण ते पुस्तक माझ्या पणजोबांच्या वेळचं आहे! तो इनामदार केव्हाच गेला असेल."

"इनामदार जातो. इनाम जात नाही."

"आपल्याकडचीसुद्धा गेली की, अण्णा," कन्या आतून म्हणाली.

मी कागद पुढे ओढला. सात पृष्ठांचा अर्ज लिहिला, गढीच्या विद्यमान मालकास, परगण्याच्या मुख्य अधिकाऱ्यामार्फत. त्यात गावाचे वर्णन गॅझेटियरबरहुकूम, घंटांसह. बाईंनी सही केली आणि विचारले, "माझा नवरा यात कुठे आहे?" तो सहाव्या पृष्ठावर होता.

तीन महिने उत्तर नाही. बाई रोज जिन्यात विचारीत आणि मी रोज सांगे, वरिष्ठ पातळीवर वेळ लागतो. अखेर कोणा वकिलाचे पत्र आले. गढी पहिल्या महायुद्धापूर्वीच विकली गेली असून तेथे आता शाळा आहे. आपला कागद चार कचेऱ्या फिरून आमच्याकडे आला. आम्ही काही करू शकत नाही. एवढा सुबक अर्ज चार कचेऱ्यांत फिरला आणि एकाही कारकुनाने तो योग्य टेबलावर ठेवू नये! मी संतापलो. त्याच दिवशी, मला न विचारता, बाईंनी पाद्र्याला एक पोस्टकार्ड टाकले.

आठ दिवसांत उत्तर आले. बाई ते घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आल्या. मी मोठ्याने वाचू लागलो आणि कन्या बाळाला खांद्यावर घेऊन जर्मनमध्ये सांगत गेली. पाद्र्याने लिहिले होते, की थडगे तीन आठवड्यांपूर्वी हलविण्यात आले. त्या वेळी निरोप द्यायला गावातील बरीच माणसे उभी राहिली होती. नव्या जागेचा क्रमांक सोबत जोडला आहे. पुढे एक वाक्य होते. ते मी वाचले नाही. कागदाची घडी घातली.

"एवढंच?" बाईंनी विचारले.

"एवढंच."

कन्येने माझ्या हातातून कागद घेतला. "अण्णा, एक ओळ राहिली," ती म्हणाली, आणि तिने ती आधी इंग्रजीत, मग जर्मनमध्ये वाचली. आपली इच्छा महिन्याभरापूर्वी कळली असती, तर त्याला येथेच राहू द्यावे अशी विनंती आम्ही गावकऱ्यांनी केली असती. गावाची तीच इच्छा होती.

बाई उठल्या. मग "आल्झो," म्हणजे 'बरं तर', म्हणाल्या, बाळाच्या पायातला सुटलेला मोजा नीट केला आणि खाली गेल्या.

त्यानंतर मी तेथे चार महिने होतो. बाई रोज सकाळी जिन्यात मला पूर्वीइतक्याच अदबीने नमस्कार करीत, कन्येची चौकशी करीत, पायऱ्यांवरून जपून जा म्हणत. त्या अदबीचा मला जितका वैताग आला, तितका गॅझेटियरचाही आला नव्हता. त्यांनी एकदा तरी आरोप करावयास हवा होता. आरोपाला उत्तर कसे लिहावे, हे मला येते.